कॉलेज रोडची छाटणी

तेजस्विनीच्या मॅडमचं झाड लिफ्टमध्ये मावलं नाही आणि सगळी पीडा तिथून सुरू झाली, असं तिचा नवरा अमोल आजही म्हणतो. खरं पाहिलं तर पीडा त्याच्याही आधी, त्याच्या वडिलांच्या गुडघ्यापासून सुरू झाली होती. पण वडिलांच्या गुडघ्याला दोष कोण देणार? झाडाला दिलेला बरा, ते काही बोलत नाही.

झाडाचं नाव फिडल लीफ फिग. सहा फूट उंच, एकच सरळ खोड आणि त्याला सागासारखी भलीमोठी, तकतकीत बावीस पानं. बावीस हा आकडा अंदाजे नाही. कॉलेज रोडवर घरं सजवून देणाऱ्या ज्या ऑफिसात तेजस्विनी कामाला होती, त्याच्या मालकीण दीपमाला मॅडम. त्यांनी झाडासोबत एक लॅमिनेट केलेला कागद पाठवला होता आणि त्यावर पहिल्याच ओळीत 'पानं : बावीस' असं लिहिलेलं होतं. त्याखाली सूचना होत्या. दर शनिवारी एक लिटर पाणी, मोजून. पानं ओल्या फडक्याने पुसायची, दोन्ही बाजूंनी. पंख्याचा वारा नको, उन्हाची तिरीप नको, जागा बदलायची नाही. आणि दर दोन दिवसांनी एक फोटो.

ऑफिसला रंग द्यायचा होता, छत नवं व्हायचं होतं आणि रंगाचा वास झाडाला सोसत नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं. म्हणून घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत झाड कुणाच्या तरी घरी राहायला हवं होतं. ऑफिसात सहा जणी. त्यातून मॅडमनी तेजस्विनीला निवडलं. पाडव्याला नव्या ऑफिसची पूजा, आदल्या दिवशी टेम्पो येणार, झाड परत जाऊन मॅडमच्या खुर्चीमागे उभं राहणार आणि त्याच्यासमोर सगळ्यांचे फोटो निघणार, असा बेत होता. तेजस्विनीला हा मोठा मान वाटला. माणसाला मान मिळाला की पुढचं काही दिसत नाही, तसं तिचं झालं.

तर लिफ्टमध्ये मावलं नाही म्हणून झाड पाथर्डी फाट्यावरच्या त्यांच्या इमारतीत चार मजले जिन्याने चढलं. तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी चपलांच्या रॅकला घासून दोन पानं फाटली. अमोल लगेच म्हणाला, "वीस." तेजस्विनीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा मजला तो मुकाट्याने चढला. वर आल्यावर मात्र त्याने एक शहाणपणाचं काम केलं. झाड हॉलच्या खिडकीशी ठेवून त्याने त्याचे सगळ्या बाजूंनी चौदा फोटो काढले. ते पुढे किती कामाला येणार आहेत हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या चौदाही फोटोंत एक म्हातारा माणूस आहे. खिडकीशी खुर्ची, हातात वर्तमानपत्र, पांढरा सदरा. ते खंडेराव, अमोलचे वडील. घरात सगळे त्यांना नाना म्हणत.

खंडेरावांची दिंडोरीकडे द्राक्षबाग. चाळीस वर्षं त्यांनी ती हाताने केली. पण गावात त्यांचं नाव होतं ते स्वतःच्या बागेपेक्षा दुसऱ्यांच्या बागांमुळे. ऑक्टोबरातली छाटणी, जिच्यावर वर्षाचं सगळं पीक ठरतं, ती कोणत्या दिवशी धरायची हे लोक त्यांना विचारायला यायचे. आणि खंडेरावांनी त्याच दिवशी तारीख कुणाला म्हणून सांगितली नाही. "काडी बघून सांगतो," एवढंच म्हणायचे. विचारायला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. दुसऱ्या दिवशी हे त्याच्या बागेत जाणार, वेलीची काडी हातात घेणार, नखाने तिचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, उकरून आत बघणार, मग आभाळाकडे बघणार, आणि मग तारीख सांगणार. त्यांनी सांगितलेल्या तारखेची बाग एकसारखी फुटली नाही असं कधी झालं नव्हतं.

जुलैत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते गोजराबाईंना घेऊन अमोलकडे नाशकात आले. बाग धाकटा ललित बघू लागला. ललित पोरगा कष्टाळू, पण तो सगळं मोबाइलवरच्या सल्लागार साहेबाला विचारून करी. सप्टेंबर सरला, ऑक्टोबर लागला, तारीख विचारायला कुणी आलं नाही. ललितचा दर रविवारी फोन यायचा. "नाना, गुडघा कसा?" खंडेराव म्हणायचे, "बरा." मग दोघेही गप्प. त्या गप्प राहण्यात खंडेराव वाट बघायचे. आता विचारील, आता विचारील. मग ललित म्हणायचा, "बरं, आईला द्या फोन," आणि ते फोन गोजराबाईंकडे द्यायचे. येताना पिशवीत त्यांनी छाटणीची कात्री आणली होती, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. चौथ्या मजल्यावर कात्रीचं काय काम, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. ती ते रोज पुसायचे आणि परत ठेवायचे.

आता झाडाचं. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये थप्प असा आवाज झाला. एक पान पडलं. दुसऱ्या दिवशी दोन. ती पानं एवढी मोठी की पडली की घरभर ऐकू यायची आणि स्वयंपाकघरातून तेजस्विनी आकडा म्हणायची. अमोलने इंटरनेटवर वाचून सांगितलं की जागा बदलली की हे झाड रुसतं. तेजस्विनीने कागद पुन्हा वाचला आणि हॉलमधला पंखा बंद केला. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, चौथा मजला, वर गच्ची, आणि माणसं झाडाच्या तब्येतीसाठी घामाने भिजत बसलेली. गोजराबाई पदराने वारा घेत, तर तोही झाडाकडे पाठ करून.

मॅडमना दर दोन दिवसांनी फोटो हवा होता. तेजस्विनीने पहिल्या दिवशीच्या चौदातला एक पाठवला. मग दुसरा. मॅडमचं उत्तर आलं, "दोन पानं मागच्या बाजूला आहेत का?" तेजस्विनीने लिहिलं, "हो मॅडम." ती खोटं बोलणारी बाई नव्हती. पण एकदा बोलल्यावर तिला कळलं की पुढचं बोलायला फारसं काही लागत नाही.

खंडेराव झाडाबद्दल काही बोलले नव्हते. कुणी विचारलंही नव्हतं. सहाव्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी कुंडीत बोट घातलं. माती चिखल झालेली. एक लिटरच्या मापात एवढा चिखल होत नाही हे त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्राआडून बघत बसले. गोजराबाईंची पूजा झाली. देवांना आंघोळ घातलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन त्या आल्या, झाडाला हात जोडले आणि तांब्या कुंडीत रिकामा केला.

आता यात त्या बाईची चूक काय? देवाचं पाणी बेसिनात टाकत नाहीत, ते झाडालाच घालतात. गावी दारात तुळस होती. इथल्या गॅलरीतली तुळस उन्हाळ्यात वाळली. आणि घरात चालून आलेलं एवढं मोठं झाड, तेही अंजिराच्या म्हणजे उंबराच्या भाऊबंदांतलं. त्यात नवरात्र. त्यांनी मनापासून रोज तांब्याभर पाणी घातलं होतं. खंडेरावांनी त्यांना हळू आवाजात समजावलं आणि उद्यापासून खाली आवारातल्या गुलमोहराला पाणी घालायला सांगितलं. गोजराबाईंचा चेहरा पडला. शहरात आल्यापासून आपलं काही चुकेल या धास्तीतच त्या वावरत होत्या. "तेजूला कळंल का?" त्यांनी विचारलं. खंडेराव म्हणाले, "कशाला कळतंय."

पण मुळांना व्हायचं ते झालं होतं. दसरा आला तेव्हा झाडावर नऊ पानं उरली होती आणि त्यातली चार कडेने करपलेली होती. तेजस्विनी आणि अमोल दसऱ्याला तिच्या माहेरी इगतपुरीला निघाले. निघताना तिने सासऱ्यांना तीनदा सांगितलं की पाणी घालू नका, हलवू नका, फक्त लक्ष ठेवा. खंडेरावांनी मान हलवली. लक्ष ठेवायला त्यांना चाळीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी ते ऐकून घेतलं.

दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. गावी नांगर, कुदळी, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओळीने मांडलं जायचं. इथे गोजराबाईंनी पाट मांडला आणि त्यावर खंडेरावांची एकुलती एक कात्री ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. खंडेरावांच्या घरची रीत अशी की दसऱ्याला पूजलेलं हत्यार त्याच दिवशी एकदा तरी कामाला लावायचं, कोरडं ठेवायचं नाही. ते कात्रीकडे बघत बसले. तेवढ्यात गावाकडून सावळीरामचा फोन आला. सावळीराम त्यांचा जुना जोडीदार. त्याने राम राम केला, गुडघ्याची चौकशी केली आणि सहज सांगितलं की तुमच्या ललितनं आज छाटणी धरली, सकाळपासून चौदा माणसं लागलीत.

खंडेराव "चांगलं झालं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्याच बागेची छाटणी लागली होती आणि ते त्यांना सावळीरामकडून कळलं होतं. फार वाईट वाटलं त्यांना. त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला आणि तो न पिता तसाच ठेवला.

मग ते उठले. झाडाजवळ गेले. खोडावरून अंगठा फिरवत वरपर्यंत गेले, नखाने साल जराशी खरवडली. खाली हिरवं होतं. "आतून जितं हाय," ते म्हणाले. आणि त्यांनी पाटावरची कात्री उचलली.

गोजराबाईंनी एकदा म्हणून पाहिलं की तेजू यिऊ द्या. पण खंडेरावांचा हात एकदा चालू झाला की थांबत नसे. नऊच्या नऊ पानं देठाचा बोटभर खुंट ठेवून उतरली. मग शेंडा. सहा फुटांचं झाड चार फुटांवर आलं. कापातून पांढरा चीक गळायला लागला. बागेत अशा कापाला मोरचूद-चुन्याची पेस्ट लावतात. इथे मोरचूद कुठून आणणार? त्यांनी कनवटीची तंबाखूची डबी काढली आणि त्यातला चुना बोटाने कापावर लावला. मग दोन पावलं मागे सरून बघितलं. दिंडोरीच्या माणसाला त्यात वावगं काही दिसलं नसतं. तिकडे या दिवसांत हजारो एकर नुसत्या काड्याच उभ्या असतात आणि बघणाऱ्याला त्यांत पुढचा सगळा माल दिसतो.

तेजस्विनी दिंडोरीची नव्हती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, हॉलमध्ये शिरली आणि हातातली पिशवी न ठेवता उभी राहिली. कुंडीत एक काठी होती. काठीच्या टोकाला चुना होता.

"नाना, पानं कुठे आहेत?"

"गुलमोहराखाली टाकली. खत व्हईल."

"सगळी?"

"नऊच व्हती," खंडेराव म्हणाले. "खाली मुळाला इजा झालीय. वर पानाचा बोजा कशाला? उतरवला. लाकूड जाड हाय, अठरा दिवस घेईल. धनत्रयोदशीला डोळा फुटलेला असंल."

"आणि नाही फुटला तर?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "फुटंल," ते म्हणाले, पण जरा थांबून म्हणाले.

मुळाला इजा कशाने झाली हे तेजस्विनीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ती आत गेली. संध्याकाळी तिने कात्री उचलली आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर, दिवाळीच्या डब्यांच्या मागे ठेवून दिली. खंडेरावांनी ते बघितलं. मात्र हॉलमधला पंखा त्या दिवसापासून पुन्हा सुरू झाला. छाटणीचा तो पहिला फायदा होता, पण त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

पुढचे दिवस मोठे कठीण गेले. फोटो जातच होते. अकरावा फोटो गेल्यावर मॅडमनी लिहिलं, "झाड छान दिसतंय. पण तुमच्या सासऱ्यांची तब्येत बरी आहे ना? रोज तोच सदरा, आणि पेपरचं पानही उलटत नाहीत." तेजस्विनीने लिहिलं की त्यांचा स्वभावच शांत आहे. मग ती बाहेर येऊन खंडेरावांना म्हणाली, नाना, जरा सदरा बदलत जा. ते रोज बदलतच होते. त्यांना काही उलगडा झाला नाही.

अमोल काठीचा फोटो घेऊन त्र्यंबक रोडवरच्या एका नर्सरीत गेला. एवढं मोठं झाड दिवाळीपर्यंत मिळणार नाही असं नर्सरीवाल्याने सांगितलं. मग तो फोटो मोठा करून बघत म्हणाला की काप कुणी घेतलाय, डोळ्याच्या वर अगदी बरोबर घेतलाय, हात बसलेला माणूस दिसतो. अमोल घरी येऊन झाड मिळत नाही एवढंच बोलला. बाकीचं सांगायचं तो विसरला. मुलं असंच नेमकं विसरतात.

शेजारच्या कुसाबाई चकलीचा सोऱ्या मागायला आल्या. बोलता बोलता त्यांनी हातातली पिशवी काठीच्या एका खुंटाला अडकवली. त्यांना वाटलं, त्यासाठीच ठेवलंय. खंडेराव खुर्चीतून उठले, दुखऱ्या गुडघ्याने चार पावलं चालले, पिशवी काढून कुसाबाईंच्या हातात दिली आणि परत येऊन बसले.

रोज सकाळी चष्मा लावून ते एकेक डोळा अंगठ्याने चाचपायचे. बाराव्या दिवशी साल हिरवी होती. पंधराव्या दिवशी हिरवी होती. पण हिरव्या सालीवर मॅडमचं समाधान होणार नव्हतं, आणि खंडेरावांचंही नव्हतं. सगळ्या घराला ठाऊक होतं की आता ही काठी फुटली नाही तर हे गृहस्थ पुन्हा कशाबद्दलही तोंड उघडणार नाहीत.

धनत्रयोदशी उजाडली. अठरावा दिवस. त्यांनी खालपासून वरपर्यंत सगळे डोळे बघितले, मग वरपासून खालपर्यंत बघितले. काही नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलून फिरवली आणि झाडाकडे पाठ करून बसले. दुपारी ललितचा फोन आला. गुडघा कसा? बरा. आणि यावेळी गप्प बसायची वाट न बघता त्यांनी स्वतःच फोन गोजराबाईंकडे दिला.

गोजराबाईंना ते बघवलं नाही. त्या स्वयंपाकघरात आल्या. तेजस्विनी करंज्या लाटत होती. त्या तिच्याशेजारी बसल्या, सारण भरायला घेतलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "तेजू, पाणी मी घालायचे."

"कसलं पाणी, आई?"

"देवाचं. रोज तांब्याभर. बेसिनात कसं टाकू? त्यानं मुळं कुजली. ह्यांना कळलं तवा म्हणले, तेजूला सांगू नको. तिला वाटंल सासूनं मॅडमचं झाड मारलं. माझ्या नावावर जाऊ दे म्हणले."

तेजस्विनी बराच वेळ एकच पारी लाटत राहिली. ती इतकी पातळ झाली की करंजीच्या कामाची राहिली नाही. मग तिने हात धुतले, स्टूल घेतलं, माळ्यावर चढून डब्यांच्या मागची कात्री काढली. फडक्याने पुसली. बाहेर जाऊन सासऱ्यांच्या खुर्चीशेजारच्या टिपॉयवर ठेवली. खंडेरावांनी कात्रीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "अजून दोन दिवस आहेत, नाना," ती म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर मात्र तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नानं झाली, ऊन वर आलं, सगळे फराळाला बसले. खंडेराव झाडाकडे फिरकले नव्हते. अमोलने चिवड्याची दुसरी वाटी घेतली तेव्हा तेजस्विनी बशी ठेवून खिडकीशी गेली. खाली वाकली. चष्मा नव्हता म्हणून आणखी वाकली.

"नाना, इकडे या."

"काय बघायचंय त्यात."

"या तुम्ही."

ते आले. खोडावर, देठांच्या खुंटांच्या बरोबर वर, गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस-हिरवे डोळे सुटले होते. तेजस्विनीने मोजले. गेला महिनाभर ती मोजतच आली होती, पण चढता आकडा तिने पहिल्यांदाच म्हटला. एक, दोन, तीन. सात निघाले. गोजराबाईंनी लगेच हात जोडले. अमोल म्हणाला, मानलं नाना तुम्हाला, आणि त्याला एकदम नर्सरीवाल्याचं बोलणं आठवलं. त्याने ते आता सांगितलं. खंडेरावांनी ते ऐकलं, चष्मा लावला, सातही डोळे नीट बघितले आणि कात्रीकडे हात केला.

"तीन ठेवू," ते म्हणाले. "चार काढावे लागतील."

तेजस्विनी झाड आणि सासरे यांच्यामध्ये उभी राहिली. द्राक्षाला जास्तीची फूट काढतात, नाहीतर एकही धड जोम धरत नाही, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मॅडम येऊन बघेपर्यंत एकही काढायचा नाही असं सांगितलं. "उशीर बरा नाय," खंडेराव म्हणाले, पण त्यांनी ऐकलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी अकराला खाली टेम्पो आला आणि वर मॅडम स्वतः आल्या. तेजस्विनी दारातच सगळं बोलून मोकळी झाली. जिना, रॅक, पाणी (ते तिने स्वतःवर घेतलं), नऊ पानं, कात्री, चौदा फोटो. मॅडमनी चपला काढल्या, हॉलमध्ये आल्या, झाडासमोर उभ्या राहिल्या. खंडेराव खुर्चीत ताठ बसले. ते त्या सगळ्या फोटोंतले गृहस्थ आहेत हे मॅडमनी ओळखलं, कारण सणाचा म्हणून त्यांनी तोच पांढरा सदरा घातला होता.

मॅडम थोड्या वाकल्या. मग त्यांनी एका कोंबाला बोट लावलं. दोन वर्षांपासून त्यांना या झाडाला फांद्या हव्या होत्या, त्या सांगू लागल्या. एकच बांबू सरळ वर चाललेला. शेंडा कापला की फांद्या फुटतात असं त्यांनी वाचलं होतं, परदेशी कात्रीही आणून ठेवली होती. "रोज कात्री घेऊन उभी राहायचे," त्या म्हणाल्या, "पण कापायची हिंमत झाली नाही. कुणी कापलं हे?"

"म्या," खंडेराव म्हणाले.

"पण उद्या पूजा आहे. फोटोत माझ्या खुर्चीमागे काठी दिसेल."

खंडेरावांनी यावर विचार केला. "मग खुर्ची दुसरीकडं लावा," ते म्हणाले.

मॅडम हसल्या. तेजस्विनीला त्या एवढंच म्हणाल्या की फोटोंबद्दल आपण सोमवारी ऑफिसात बोलू, आणि तेजस्विनीला कळलं की सोमवारी खरोखरच बोलणं होणार आहे. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि खंडेरावांसमोर बसल्या. ऑफिसात अशीच आणखी चार झाडं होती, दोन रबराची, दोन याच जातीची, सगळी नुसती उंच वाढलेली. ती कधी कापायची, असं त्यांनी विचारलं.

गोजराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काडी बघून सांगतो," ते म्हणाले.

मग उद्या पूजेला याच, तेव्हाच बघा, असं मॅडम म्हणाल्या आणि तेजस्विनी चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात फोन वाजला. ललितचा होता. रविवार नव्हता.

"नाना, गुडघा कसा?"

"बरा."

मग दोघेही गप्प. खंडेराव वाट बघत नव्हते, मॅडमच्या झाडाकडे बघत होते. पलीकडून ललितने घसा साफ केला.

"नाना, फूट लय मागंपुढं झालीय. कुठली ठेवायची, कुठली काढायची, माणसं विचारत्यात. साहेब दिवाळीला गेलाय, फोन उचलत नाय. तुम्ही सांगता का? गाडी पाठवतो. आत्ता निघंल."

खंडेरावांनी टिपॉयवरची कात्री उचलली, तिचं पातं सदऱ्याला पुसलं.

"आत्ता नको," ते म्हणाले. "उद्या कॉलेज रोडला चार झाडं बघायचीत. ती झाली की परवा तुझं बघू. तवर कुणाला हात लावू दिऊ नको."

"बरं, नाना."

"बरं, आईशी बोल," असं म्हणून त्यांनी फोन गोजराबाईंकडे दिला.